दोरीवरचा उन्हाळा

होळीची राख अजून रस्त्याच्या कडेला असते तेव्हाच आमच्या दुकानात सुती कापडाचे गठ्ठे येऊन पडतात. पप्पा सुतळी कापतात, गोणपाट बाजूला होतं आणि आतून खळीचा वास येतो. भाताच्या पेजेसारखा, थोडा आंबूस. डहाणूत उन्हाळा कुणाला ताडगोळ्यांच्या टोपल्यांत दिसतो, कुणाला खाडीकडून येणाऱ्या सुकत्या बोंबलांच्या वाऱ्यात कळतो. मला तो या खळीच्या वासात कळतो. मलमल, कॅम्ब्रिक, पॉपलिन, ब्लाउजसाठी रुबिया, लुंगीचा चौकडा आणि सगळ्यांत खाली, कुणी मुद्दाम मागितल्याशिवाय वर न येणारं, पंच्याचं कापड.

यंदाही गठ्ठे आले. मी आता वापीला एका ऑफिसात जाते, दुकानात फक्त रविवारी बसते. पप्पांनी पंच्याचा तागा उचलला आणि वरच्या फळीवर, मलमलीच्या शेजारी ठेवला.

"वर?" मी विचारलं.

"आता मुली मागतात," ते म्हणाले आणि पुढचा गठ्ठा कापायला वळले.

पप्पा कौतुक करतात ते असंच. फळी बदलतात, बोलत नाहीत. मी त्या ताग्यावर हात फिरवत राहिले. पांढरट, जरासा खरबरीत, काठाला बारीक लाल रेघ. या कापडावर माझा एक पूर्ण उन्हाळा उभा आहे, दोन हजार सतराचा.

त्या वर्षी मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. काउंटरच्या कोपऱ्यात, मीटरपट्टी टांगलेली असते तिथे, माझं स्टूल होतं. पुढ्यात अकाउंट्सचं पुस्तक आणि पुस्तकाच्या आत फोन. त्याच सुमारास सगळ्यांच्या फोनमध्ये नेट स्वस्त झालं होतं आणि मला एक नवीन वेड लागलं होतं. अजून कुणाला फारसे माहीत नसलेले, नुकतेच सुरुवात केलेले फॅशन डिझायनर शोधायचं. जयपूरकडची एक मुलगी स्वतःच्या गच्चीवर कापड रंगवायची. दक्षिणेतला एक मुलगा जुन्या धोतरांच्या पँट करायचा. कुठल्याशा डोंगराळ गावातल्या दोघी बहिणी नुसत्या एका रंगाचे, ढगळ, बिनबाह्यांचे झगे शिवायच्या आणि ते घालून स्वतःच अंगणात उभ्या राहायच्या. त्यांना फॉलो करणारे जेमतेम शेकड्यात असायचे, आणि त्यांत मी एक आहे याचा मला गुपचूप अभिमान वाटायचा. फोटो मी जपून ठेवत असे. उन्हाळी कपड्यांचा मोठा साठा होता माझ्याकडे, सगळा फोनमध्ये.

अंगावर मात्र गडद निळा कुर्ता, मनगटापर्यंत बाह्या, वर ओढणी. डहाणूच्या त्या चिकट दमट उकाड्यात. मला कुणी सांगितलं नव्हतं असं राहायला. उलट मम्मीच म्हणायची, "अगं, शिजशील त्याच्यात." पण मी उंच आहे. शाळेत कायम शेवटच्या रांगेत उभी केलेली. उंच मुलगी रस्त्याने गेली की लोक वळणापर्यंत बघत राहतात, आणि शाळेत इंग्रजी बोलून बोलून माझं मराठी अडखळत असल्यामुळे मी कुणाला उलट काही बोलू शकत नसे. गडद रंगात माणूस कमी दिसतं असं माझं मत होतं. त्यात काही तथ्य नाही, हे आता कळतं.

दर्शना बाजाराच्या दिवशी यायची. तलासरीच्या पुढे, हायवेपासून आत, तिचा पाडा. माझ्याच वयाची, माझ्या खांद्याला लागेल एवढी, पायात रबरी चप्पल. आयटीआयत शिवणाचा कोर्स झालेला. दुकानात शिरली की रंगीत फळ्यांकडे ती ढुंकूनही बघत नसे.

"काका, खालचा द्या. पंच्याचा."

पहिल्यांदा तिने जेवढं कापड मागितलं ते ऐकून पप्पांची कात्री थांबली होती. "पोरी, घरात किती पुरुष आहेत तुझ्या?"

"पुरुष कशाला? ड्रेस शिवते."

"पंच्याचे?"

"पंचा अंग पुसतो ना काका? मग अंगावर घातला तर घाम पण पुसेल."

पप्पा हसले. मी हसले नाही, कारण मी तिच्या अंगातला टॉप बघत होते. लुंगीच्या हिरव्या चौकड्याचा होता तो. पुढून अगदी सरळ, साधा. पाठीमागे कमरेच्या वर एक रुंद चुणी, त्यामुळे ती वाकली की कापड उघडायचं आणि सरळ झाली की मिटायचं. आणि दोन्ही बाजूंना खिसे. दाखवायचे नव्हे, खरे, कोपरापर्यंत हात जाईल असे. हा टॉप जर फोनमध्ये दिसला असता तर मी लगेच जपून ठेवला असता. पण तो समोर, आमच्याच काउंटरपाशी उभा होता आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

दोन-तीन बाजार तसेच गेले. मग एकदा मी म्हणाले, "छान आहे."

"काय?"

"टॉप."

"मग एवढं हळू काय बोलतेस? चोरीचा नाय तो." आणि तिने सरळ काउंटरवर कोपर टेकले. "फोनमध्ये काय बघतेस गं सारखी? पुस्तक तर उलटं हाय तुझं."

पुस्तक उलटं नव्हतं, पण मी दचकून बघितलं, आणि त्यावर ती इतकी हसली की मी तिला फोनच दिला. माझं जयपूर, माझे डोंगर, सगळं तिच्यापुढे उघडलं. मला वाटलं ती म्हणेल, किती मस्त. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. चेहरा बाजूला सरकवून काखेची शिवण बघितली.

"बाही बसली नाय हिची."

"कशावरून?"

"पोरगी हात खालीच करत नाय बघ. सगळ्या फोटोंत वर. खाली केला की इथं गोळा येणार." मग पुढचा फोटो. "ही चांगली हाय. हिने कापड वाया नाय घालवलं."

त्या दिवसापासून ती आली की आम्ही फोन मध्ये ठेवून बसायचो. समोरच्या भांड्यांच्या दुकानातल्या हंसाबेन मम्मीला गुजरातीत विचारायच्या, तुमची बेबी आजकाल बोलते काय? मम्मी म्हणायची, दर बाजाराला थोडं थोडं.

एकदा मी तिच्याबरोबर पाड्यावर गेले. हायवेच्या कडेला पळस संपत आले होते. पायवाटेवर मोहाची फुलं गळून पडलेली, त्यांचा तो गोड, डोक्यात चढणारा वास. अंगणात तिची आई गवताचे भारे बांधत होती, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, मागे खोचलेलं. ती वाकली, उठली, पुन्हा वाकली. मी एकटक बघत होते. दर्शनाने मला कोपराने ढोसलं. "बघितलीस चुणी?"

तेव्हा मला तो टॉप कळला. पाड्यावरच्या बायका जसं नेसतात, म्हणजे चिखलात, बांधावर, भारा उचलताना मध्ये येऊ नये असं, तेच तिने कापून शिवलं होतं. "मी काय नवीन केलं नाय," ती म्हणाली. "फक्त खिसे लावले. आई पैसे कमरेला खोचते, मग ते पडतात, मग ती बाबांवर ओरडते."

घरात खिडकीशी मशीन होतं आणि वरच्या वाशाला शिवून झालेले ड्रेस ओळीने अडकवलेले होते. ते यात्रेसाठी होते. विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा चैत्रात भरते आणि बरेच दिवस चालते. आमच्या बाजूचं सगळं मोठं विकत घेणं तिथं होतं, गाद्यांपासून सुक्या मासळीपर्यंत. दर्शनाला तिथं जागा मिळाली होती. आणि त्या जागेवर तिचं पुढचं सगळं अवलंबून होतं, हे मला तिच्या आईच्या तोंडून कळलं.

तिच्या भावाने उंबरगावच्या एका कंपनीत पॅकिंगच्या कामासाठी तिचं नाव दिलं होतं. कंपनीचा टेम्पो पहाटे पाड्यावर यायचा, ज्या दारातली पोरगी कामाला असेल त्या दारासमोर हॉर्न मारायचा. तिच्या बाबांनी एवढंच सांगितलं होतं की यात्रेत हे कपडे खपले तर बघू, नाहीतर यात्रा उठली की टेम्पोत बसायचं. बाबा अच्छाडच्या चेकनाक्याजवळ ट्रकांचे टायर दुरुस्त करत. रागीट नव्हते. एकदा येताना आम्ही तिथं थांबलो तेव्हा त्यांनी मला बसायला खुर्ची दिली होती, आणि खुर्ची आधी स्वतःच्या शर्टाने पुसली होती.

"कंपनी वाईट नाय," दर्शना वाटेत म्हणाली. "माझ्या मैत्रिणी जातात. पण दिवसभर उभं राहून पाकिटं बंद करायची आणि घरी येऊन मशीनवर बसायचं म्हटलं तर मान राहत नाय गं."

 परतीच्या जीपमध्ये माझ्या शेजारी कुणाची तरी कोंबडी होती आणि ती डहाणू येईपर्यंत माझ्याकडे बघत होती.

माझ्यासाठी एक ड्रेस शिवते म्हणाली तेव्हा मी माप द्यायला नकार दिला. टेप घेऊन कुणी अंगाभोवती हात फिरवलेले मला चालत नसत. आमच्याकडे अशा वेळी मापाचा ड्रेस देतात, म्हणजे आपल्याला नीट बसणारा एखादा जुना. मी माझा निळा कुर्ता पिशवीत घालून दिला. पुढच्या बाजाराला तिने तो काउंटरवर ठेवला.

"ह्याच्यात दोघी मावतात. दुसरी कोण हाय?"

"मला ढगळच आवडतं."

"ढगळ मी पण शिवते. हे ढगळ नाय, ही गोधडी हाय." तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि मला नेहमीसारखं आक्रसून जायला झालं नाही. ती शिवण बघतात तसं बघत होती. "जाऊ दे. ओळखलं माप."

यात्रेचा पहिला दिवस. मी निळ्या कुर्त्यात, ओढणी डोक्यावरून, उन्हासाठी असं सगळ्यांना सांगून. चारोटीकडची जीप, मग धुळीतून चालत. नारळांच्या राशी, पाळण्यांचे खांब, बांगड्यांचे मांडव. दर्शनाच्या एका बाजूला गादीवाला होता आणि दुसऱ्या बाजूला धाकटी डहाणू गावची एक मासळीवाली मावशी, पुढ्यात सुकट आणि बोंबलांचे ढीग, पाय पसरून बसलेली. मध्ये दर्शनाने दोन बांबू रोवले होते आणि त्यांच्यामध्ये दोरी. दोरीवर हँगर, प्रत्येक हँगरवर एक ड्रेस, दोन ड्रेसांच्या मध्ये वारा जाईल एवढी जागा. पंच्याचा पांढरा, चौकड्याचा हिरवा, मधूनच एक अस्तराच्या कापडाचा हळदी पिवळा. वाऱ्याबरोबर ते एकत्र हलायचे. मला ते माझ्या फोनमधल्या कुठल्याही फोटोपेक्षा सुंदर वाटले. बायका मात्र थांबत नव्हत्या.

त्या यायच्या, लांबून बघायच्या आणि पुढच्या कपडेवाल्याकडे जायच्या. त्याच्याकडे ताडपत्रीवर ढीग होता. ब्लाउज, झबली, चड्ड्या, नायट्या, सगळं एकात एक. बायका त्या ढिगाभोवती उकिडव्या बसायच्या, दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालायच्या, उपसायच्या, ओढायच्या, एकमेकींच्या हातातलं हिसकावून घ्यायच्या, हसायच्या. दर्शनाच्या दोरीपुढे येऊन एका आजीने मात्र आपुलकीने विचारलं, "वाळले नाय का गं अजून?"

मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाली, "अगं ए पोरी, टांगलंस तर कोण हात लावील? टांगलेलं ते बघायचं असतं. खाली काढ, ढीग घाल. माझे बोंबील मी हँगरला लावते काय?"

"माहितीय मावशी," दर्शना म्हणाली. "मी जन्मभर ढिगातलंच घातलंय."

"मग?"

"म्हणून टांगलंय."

मावशीने खांदे उडवले. दर्शना बांबूला टेकून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण ती एकच हँगर पुन्हा पुन्हा सरळ करत होती, तो सरळच असताना. दुपार कलली. गादीवाल्याच्या दोन गाद्या गेल्या. मी तिच्या बाजूला उभी राहून विचार करत होते की दोरी सोडून सगळं ताडपत्रीवर टाकलं तर संध्याकाळपर्यंत अर्धे ड्रेस जातील. ते तिलाही कळत होतं. तिच्या आईला कळलं असतं, भावाला कळलं असतं. आणि त्या ढिगात ते एकदा मिसळले की ढिगाच्या भावाने जातील, चुरगळून जातील, आणि पुढच्या वर्षी कुणाला आठवणारही नाही की ते कुणी शिवले होते. मग टेम्पोच बरा.

"एक काम करशील?" दर्शना अचानक म्हणाली. तिने पिशवीतून एक ड्रेस काढला. पंच्याचा, काठाची लाल रेघ गळ्याशी आणलेली, बाह्या नाहीत, गुडघ्याखाली जरासा, पाठीला ती चुणी. "तुझा हाय. द्यायचाच होता. हा घाल आणि एक चक्कर मार."

"मी?"

"मी घातला तर कोण बघणार? मी लोकांच्या काखेखालून जाते. तू बांबूएवढी हायस."

माझ्या कानशिलांतून घाम निघाला. यात्रेत अर्धं डहाणू असतं. दुकानातली गिऱ्हाइकं, शाळेतल्या बाई, पलीकडच्या गल्लीतले सगळे. मी म्हणणार होते की मला बरं वाटत नाहीये. शब्द तोंडात आलेही होते. पण तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. ड्रेस माझ्या हातावर ठेवून ती पुन्हा तो हँगर सरळ करायला लागली, आणि मला तिच्या मानेकडे बघवेना.

"मावशी," मी म्हणाले, "जरा आडोसा कराल?"

मावशीने गादीवाल्याला हाक मारून एक गादी उभी करायला लावली, दुसऱ्या बाजूला स्वतःचा पदर ताणून धरला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ओरडत राहिली, "ए, तिकडं बघा, तिकडं!" त्यामुळे सगळेच इकडे बघत होते. बोंबलांच्या वासात, दोन वितींच्या जागेत, मी कपडे बदलले. कापड अंगाला लागलं तेव्हा पहिल्यांदा गार वाटलं. काखेत वारा गेला. अनेक उन्हाळ्यांत तो तिथं आला नव्हता.

बाहेर आले तर मावशीने पदर खाली केला आणि नुसतं "हां" म्हणाली.

मी चालायला लागले. हातांचं काय करायचं कळेना, म्हणून खिशांत घातले. ओढणी नसली की छातीपुढे हात येतात आपोआप, पण खिसे होते, म्हणून हात तिथं राहिले आणि खांदे मागे गेले. ही गोष्ट कुठल्याही फोटोत मला कळली नव्हती. नारळवाल्यांच्या रांगेपर्यंत कुणी बघितलं नाही. मला हायसं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. मग बांगड्यांच्या मांडवापाशी मागून कुणीतरी ड्रेसचा काठ धरला.

कडेवर मूल असलेली एक बाई होती. माझ्याकडे न बघता कापडच दोन बोटांत चोळत होती. "सुती हाय," ती शेजारणीला म्हणाली. शेजारणीने पाठीमागची चुणी उघडून बघितली. "वाकून दाखव गं." मी वाकले. यात्रेच्या मधोमध, बांगडीवाल्यासमोर, मी वाकून दाखवलं. "उघडतं बघ कसं!" तेवढ्यात एक म्हातारी आली, गुडघ्यापर्यंत लुगडं, हातात काठी. तिने काही न विचारता आपला हात माझ्या खिशात घातला. पूर्ण, मनगटाच्या वर. आतून चाचपलं. तिची बोटं माझ्या मांडीला लागली, आणि ती खिशाशी इतक्या गंभीरपणे बोलत होती की मला संकोच वाटायचा राहूनच गेला.

"पैसं ऱ्हातील ह्याच्यात," ती खिशाला म्हणाली. मग वर बघून मला, "कुठं घेतला गं पोरी?"

टांगलेल्या कपड्याला हात न लावणाऱ्या या बायका अंगावरच्या कपड्याला मात्र बिनधास्त हात लावत होत्या. तो बघायचा नसतो, तो कुणीतरी घेतलेला असतो.

"तिकडे," मी म्हणाले. आवाज फुटला नाही. पुन्हा म्हणाले. "मासळीवाल्या मावशीच्या बाजूला. दोरीवर आहेत. दर्शना शिवते. तलासरीची." आणि मग, कारण म्हातारी अजून खिसा सोडत नव्हती, "हात लावून बघा. वाळत नाही घातलेले."

त्या दिवशी हे वाक्य मी किती वेळा म्हटलं याला हिशोब नाही. पाळण्यापाशी, उसाच्या रसाच्या चरकापाशी, देवळाच्या रांगेत. देवळाच्या रांगेत तर मागच्या बाईने चुणी धरूनच ठेवली होती. तिथंच समोरून मम्मी आणि हंसाबेन दर्शन घेऊन येताना दिसल्या. लपायला जागा नव्हती.

हंसाबेन थांबल्या. "आ तो आपणी बेबी!"

मम्मीने माझ्या उघड्या दंडांकडे बघितलं, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मग कापडविक्याच्या बायकोचा हात आपोआप पुढे आला. काठ उलटा करून तिने रेघ बघितली. "हा आपल्या दुकानातला पंचा ना गं?"

"हो."

"शिजली नाहीस आज." एवढं म्हणून तिने माझ्या खिशात देवळातल्या प्रसादाच्या नारळाची एक शेरणी टाकली आणि विचारलं, "माझ्या मापाचा असेल?"

परत आले तेव्हा दोरीला मोकळ्या जागा पडल्या होत्या. मावशी मासळी सोडून ड्रेस हातात धरून ओरडत होती, "खिसावाला घ्या, खिसावाला!" आणि दर्शना तिला दटावत होती, "मावशी, हात धुऊन धरा ना, बोंबलाचा वास लागतो." मी आले तशी दर्शनाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "उजवा खिसा उसवला तुझा."

खरंच उसवला होता. तिने तिथंच उभ्या उभ्या शिवला, हाताला मिळाला तो निळा दोरा घेऊन. "लोकांनी इतके हात घातलेत, आता पुढच्या ड्रेसांना दुहेरी शिवण घालायला पाहिजे." ते ती माझ्याशी बोलत नव्हती. पुढच्या ड्रेसांशी बोलत होती.

यात्रा चालू होती तोवर मी जवळजवळ रोज गेले, कधी पंच्याच्या ड्रेसमध्ये, कधी तिने दिलेल्या चौकड्याच्या. सगळ्यांनी कौतुक केलं असं नाही. शाळेतल्या एका मुलीने आपल्या आईला सांगितलेलं मी ऐकलं की कापड फार साधं आहे. काही ड्रेस गेलेच नाहीत. हळदी पिवळा शेवटपर्यंत राहिला. पण ढीग मात्र दर्शनाने एकदाही घातला नाही.

यात्रा उठायच्या दिवशी तिचे बाबा आले, भाऊही होता. दोरीवर थोडेच उरले होते. बाबा दोरीपुढे उभे राहिले. टायरच्या काळ्या ग्रीसचे हात त्यांनी पाठीमागे धरले होते आणि मान पुढे करून ते ड्रेस बघत होते, शिवण, काठ, खिसा. बराच वेळ. शेवटी पिवळ्या ड्रेसपाशी येऊन म्हणाले, "हा का राहिला?"

"रंग चुकला," दर्शना म्हणाली. "पुढच्या वेळी नाय करणार."

बाबांनी 'पुढच्या वेळी' हे ऐकलं. मला दिसलं ते. त्यांनी हात पाठीमागेच ठेवून मुलाकडे वळून सांगितलं, "त्या टेम्पोवाल्याला सांग, आपल्या दारात हॉर्न मारू नको."

दर्शना दोरी सोडायला लागली. गाठ घट्ट बसली होती, दातांनी सोडवावी लागली. मावशीने तिच्या पिशवीत एक पुडकं कोंबलं, सुकटीचं, आणि घरी जाईपर्यंत आम्हां सगळ्यांच्या कपड्यांना तो वास येत होता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यांत पाड्यावर दुसरं मशीन आलं. मुंबईकडून समुद्रावर सुट्टीला येणाऱ्या एक-दोन बायका तिचा पत्ता विचारत दुकानात येतात. त्या फोटो काढतात आणि खाली लिहितात की त्यांनी एक नवीन डिझायनर शोधली. मी त्यांना रस्ता सांगते, न अडखळता. दर्शना त्यांचं ऐकून घेते आणि माप घेते.

मागच्या आठवड्यात मी तिच्याकडे एक रात्र राहायला गेले. पहाटे जाग आली ती गाडीच्या आवाजाने. अंगणात येऊन उभी राहिले. मोहाचा वास तोच. टेम्पो वळणावरून आला, पलीकडच्या दारात थांबला, हॉर्न वाजला. दोन मुली धावत आल्या, एकीच्या केसांत अजून फणी होती. मग पुढच्या दारात, पुन्हा हॉर्न. आमच्या दारासमोरून तो तसाच पुढे गेला.

मागच्या फळीला धरून एक मुलगी उभी होती. उजेड पुरेसा नव्हता, पण पाठीवरची चुणी मी ओळखली. गाडी खड्ड्यात आदळली तशी ती वाकली, चुणी उघडली, मिटली. तिने एक हात सोडून खिशात घातला, आत काहीतरी आहे ना ते चाचपलं, आणि हात तिथंच ठेवला.

मी आत आले. दर्शना अजून झोपलेलीच होती.